आलेखाची उंची-रुंदी आणि औषधाचा गुण

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागीय चर्चासत्रात प्रमेहाच्या रुग्णांविषयीचा चिकित्सानुभव मांडण्याची संधी मला मिळाली. निशामलकी चूर्ण, लेखी पथ्य, रोजचे चालणे आणि दर महिन्यास उपाशीपोटी रक्तशर्करेची तपासणी, असा साधा क्रम होता. पडद्यावर मी एक आलेख दाखविला. त्यातील रेषा डावीकडील वरच्या कोपऱ्यातून निघून, कड्यावरून दगड सुटावा तशी, उजवीकडे खाली येत होती. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. मागील रांगेत एका फार्मसीचे मालक बसले होते. वैद्यांसाठी काढावयाच्या माहितीपत्रकात हा आलेख छापता येईल का, असे त्यांनी चहाच्या वेळी विचारले आणि मी आनंदाने होकार दिला.

तेवढ्यात, महाविद्यालयात मला कायचिकित्सा शिकविलेले गुरुजी जवळ आले. वय ऐंशीच्या घरात, पण नजर तीच. हातातील कार्यक्रमपत्रिका त्यांनी माझ्यासमोर प्रथम आडवी धरली, मग उभी केली आणि म्हणाले, “अरे, साखर खाली आली की तुझा कागद उंच झाला?”

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन संगणक उघडला तेव्हा मात्र हसू आले नाही. आलेख मी ‘आर’ या संगणकीय भाषेत काढला होता. पडद्याच्या एका बाजूस भाषणाची टिपणे दिसावीत म्हणून आलेखाची खिडकी मी माऊसने ओढून अरुंद केली होती, आणि तशीच ती चित्र म्हणून जतन केली होती. म्हणजे माझ्या रुग्णांच्या शर्करेचा उतार किती तीव्र दिसावा हे रुग्णांनी ठरविले नव्हते, औषधाने नव्हे आणि मीही नव्हे. टिपणांना जागा देऊन जे उरले, त्या जागेने ते ठरविले होते.

आलेखाच्या चौकटीची उंची आणि रुंदी यांचे जे परस्परप्रमाण, त्यास इंग्रजीत अॅस्पेक्ट रेशो म्हणतात; येथे आपण त्यास उंची-रुंदी गुणोत्तर म्हणू. हा विषय संगणकवाल्यांचा आहे, आपला नव्हे, असे अनेक वैद्यबंधूंस वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

कोन मोजून पाहू

प्रथम हिशोब पाहावा. पुढील आकडे कोणा रुग्णाचे नव्हेत. केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत. समजा, चिकित्सेच्या आरंभी उपाशीपोटी रक्तशर्करा १८० होती आणि सहा महिन्यांनी १५० झाली. उभ्या अक्षावर १४० ते १९० असे अंक मांडले, आडव्या अक्षावर शून्य ते सहा महिने. चौकट १० सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असेल, तर रेषा १० सेंटिमीटर आडवी जाताना ६ सेंटिमीटर खाली येते. तिचा आडव्या रेषेशी कोन सुमारे ३१ अंश होतो. आता तेच आकडे ५ सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच चौकटीत घातले, तर रेषा ५ सेंटिमीटरमध्ये ९ सेंटिमीटर उतरते आणि कोन सुमारे ६१ अंश होतो. आणि १८ सेंटिमीटर रुंद, ६ सेंटिमीटर उंच अशा पसरट चौकटीत तोच कोन सुमारे ११ अंशांवर येतो.

३० मिलिग्रॅमची तीच घट एका चौकटीत कडा दिसते, दुसरीत जिना आणि तिसरीत सपाट माळ. तिन्ही आलेखांतील प्रत्येक बिंदू बरोबर आहे. अक्षांवरील अंकही बरोबर आहेत. कोणावर असत्याचा आरोप करता येणार नाही, आणि तरीही पाहणारा प्रत्येक वेळी वेगळे मत घेऊन उठेल. कारण वाचक आकडे नंतर वाचतो, उतार आधी पाहतो.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा की नाही, हा याचाच सख्खा भाऊ असलेला प्रश्न आहे. वरील उदाहरणात अक्ष शून्य ते २०० घेतला, तर चौरस चौकटीतही कोन साडेआठ अंशांच्या आसपास येतो. त्या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तो येथे सोडून देतो. चौकटीच्या आकारावर मात्र आपल्या क्षेत्रात कोणी बोलल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

जो आलेख आपण रोज हाताळतो

खरे तर वैद्यकात एक आलेख असा आहे की ज्याचे गुणोत्तर कोणी मनास येईल तसे बदलत नाही, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर रोज येतो. तो म्हणजे हृदयाचा विद्युत-आलेख, ईसीजी. त्याचा कागद सेकंदास २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो आणि १ मिलिव्होल्ट दाब १० मिलिमीटर उंचीने दाखविला जातो. म्हणजे आडवा एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, उभा एक लहान चौकोन ०.१ मिलिव्होल्टचा. पट्टीवर जी आयताकृती खूण छापलेली असते, ती १० मिलिमीटर उंच आहे की नाही हे पाहिल्याशिवाय जाणता वैद्य पुढे वाचत नाही.

याचे कारण उघड आहे. ईसीजी आपण आकड्यांनी कमी आणि आकाराने अधिक वाचतो. व्ही-१ मधील एस आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधील आर यांची बेरीज ३५ मिलिमीटर वा अधिक भरल्यास डावे निलय जाड झाल्याची शंका घेतात. पण यंत्र अर्ध्या मापावर, म्हणजे मिलिव्होल्टास ५ मिलिमीटर असे ठेवले असेल, तर ३६ मिलिमीटरचे १८ होतात आणि शंकेस जागाच उरत नाही. वेग सेकंदास ५० मिलिमीटर केला तर तेच हृदय निम्म्या गतीने चालल्यासारखे भासते. माप ठरलेले आहे आणि ते पट्टीवर छापलेले आहे, म्हणूनच पुण्यात काढलेली पट्टी लंडनमध्ये वाचता येते आणि दहा वर्षांपूर्वीची पट्टी आजच्या पट्टीशेजारी ठेवता येते.

आपल्या चिकित्सानुभवांच्या आलेखांना असे कोणतेही ठरलेले माप नाही. एका अंकात एका वैद्यांचा आमवाताचा आलेख उभट, पुढच्या अंकात दुसऱ्यांचा पसरट; आणि वाचक नकळत पहिल्या औषधास अधिक गुणकारी समजतो.

‘आर’मध्ये आकार कसा ठरतो

‘आर’ ही भाषा रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात १९९० च्या दशकात सुरू केली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तिच्यात भर घालीत असतात. संख्याशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या माझ्या भाच्याने ती मला शिकविली. पुढे दिलेल्या आज्ञांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टंकित कराव्या लागतात, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

भाच्याने पहिला प्रयोग सांगितला तो वर्तुळाचा. शून्य ते दोन पाय इतक्या कोनांची मालिका घ्यावी, आडव्या अक्षावर कोसाइन व उभ्या अक्षावर साइन ठेवून ‘प्लॉट’ ही आज्ञा द्यावी. गणिताने वर्तुळ यावयास हवे, पण पडद्यावर किंचित चपटे, अंड्यासारखे काहीतरी येते. मी म्हणालो, खिडकी तर चौरस आहे! तो म्हणाला, “मामा, खिडकी चौरस आहे, आतली चौकट नाही.” त्याचे म्हणणे असे की ‘आर’ आलेखाभोवती समास सोडते: खाली ५.१ ओळी, डावीकडे ४.१, वर ४.१ आणि उजवीकडे २.१. त्यामुळे ७ इंच बाय ७ इंच या नेहमीच्या खिडकीत प्रत्यक्ष आलेखास ५.७६ इंच रुंदी आणि ५.१६ इंच उंची मिळते. खिडकी ओढली की ही चौकटही बदलते आणि वर्तुळाची काकडी होते.

यावर उपाय एका शब्दाचा आहे. ‘प्लॉट’ या आज्ञेत ‘एएसपी = १’ एवढे वाढवावे. याचा अर्थ, उभ्या अक्षावरील एक एकक कागदावर जितके लांब, तितकेच आडव्या अक्षावरील एक एकक लांब असावे. मग खिडकी कशीही ओढा, आलेख पुन्हा काढला जातो तेव्हा वर्तुळ वर्तुळच राहते. हे साधण्यासाठी ‘आर’ एखादा अक्ष लांबविते. आपण १४० ते १९० सांगितले असले तरी प्रत्यक्षात त्याच्या अलीकडचे-पलीकडचे अंकही दिसू लागतात. नवशिक्यास ही चूक वाटते. ती चूक नव्हे, आपण घातलेल्या अटीची ती किंमत आहे.

दुसरी आज्ञा ‘पार’ ही. तीत ‘पीटीवाय’ची किंमत ‘एस’ केली की चौकट नेहमी चौरस राहते. मात्र येथे चौकट चौरस होते, एकके समान होतात असे नव्हे. ‘पार’मध्येच ‘पिन’ने चौकटीची रुंदी व उंची इंचांत ठरवून देता येते.

या दोन गोष्टींत मी बरेच दिवस गोंधळलो, म्हणून थोडे थांबून सांगतो. एक गुणोत्तर एककांचे असते, दुसरे चौकटीचे. ‘एएसपी’ हे पहिले, ‘पिन’ हे दुसरे. दोन्ही अक्षांवर एकच परिमाण असेल तरच पहिल्यास अर्थ आहे. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर मिलिग्रॅम असताना ‘एएसपी = १’ म्हणणे म्हणजे एक महिना आणि एक मिलिग्रॅम सारख्याच लांबीचे मानणे. तसे करून पाहिल्यास सहा महिन्यांच्या अक्षासमोर पन्नास मिलिग्रॅमचा अक्ष उभा राहतो आणि सगळा आलेख पोकळ जागेतील एका उभ्या काडीसारखा दिसतो. तेथे चौकटीचे गुणोत्तरच ठरवावे लागते.

आयाम आणि विस्तार

एककांच्या गुणोत्तराचे उत्तम उदाहरण आपल्याच संहितेत आहे. दशविध परीक्ष्य भावांतील ‘प्रमाण’ सांगताना चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात संपूर्ण शरीर ८४ अंगुळे सांगितले आहे आणि ते आयाम व विस्तार यांनी सम असावे असे म्हटले आहे. आयाम म्हणजे उंची आणि विस्तार म्हणजे बाहू पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधील अंतर. सुश्रुताचार्यांची १२० अंगुळे आणि चरकांची ८४ यांचा मेळ कसा घालावा हा वाद वेगळा. आपल्याला येथे एवढेच पाहावयाचे की अंगुळ हे ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या बोटाचे माप आहे, आणि आयाम व विस्तार दोन्ही त्याच मापाने मोजावयाचे आहेत.

समजा, एखाद्या वैद्याने आपल्या रुग्णांचे आयाम आडव्या अक्षावर आणि विस्तार उभ्या अक्षावर मांडले. आयाम आणि विस्तार सम असतील तर सर्व बिंदू ४५ अंशांच्या रेषेवर किंवा तिच्या आसपास पडतील. विस्तार अधिक असणारे रेषेच्या वर, आयाम अधिक असणारे खाली. पाहताक्षणी कळेल असे हे चित्र आहे, पण ‘एएसपी = १’ असेल तरच. दोन्ही अक्ष १४० ते १९० सेंटिमीटर ठेवून चौकट २० सेंटिमीटर रुंद व ५ सेंटिमीटर उंच केली, तर समतेची रेषा अवघी १४ अंशांवर झोपते आणि सगळे रुग्ण तिला चिकटून बसल्यासारखे दिसतात.

यात केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. मार्फान या सहज विकाराच्या २०१० मधील सुधारित निकषांत बाहूविस्तार भागिले उंची हे प्रमाण १.०५ पेक्षा अधिक असणे ही एक खूण धरलेली आहे. १७० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीत याचा अर्थ विस्तार उंचीपेक्षा साडेआठ सेंटिमीटरने अधिक. १० सेंटिमीटरच्या चौरस चौकटीत हा बिंदू समतेच्या रेषेच्या १.७ सेंटिमीटर वर दिसेल आणि नजरेत भरेल. वरील पसरट चौकटीत तो ०.८५ सेंटिमीटर वर, म्हणजे गर्दीतच राहील. महाधमनी फुगण्याचा धोका असलेला तरुण आलेखाच्या आकारामुळे गर्दीत हरवावा, हे बरे नव्हे.

हीच गोष्ट दोन ग्लुकोमीटरांची तुलना करताना, दोन वैद्यांनी त्याच रुग्णास दिलेल्या गुणांची तुलना करताना आणि चिकित्सेपूर्वी-चिकित्सेनंतर असे दोन आकडे एकमेकांसमोर मांडताना लागू पडते. दोन्हीकडे परिमाण एकच असते. येथे ‘एएसपी = १’ घालावे आणि समतेची रेषा अवश्य काढावी.

तैलबिंदू परीक्षेच्या छायाचित्रांविषयी एक उपकथा सांगण्याचा मोह होतो. मूत्रावर पसरलेला तिळतेलाचा थेंब वातात सर्पाकार, पित्तात छत्राकार आणि कफात मोत्यासारखा, असे योगरत्नाकरात सांगितले आहे. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने काढलेली अशी छायाचित्रे मी पाहिली. प्रबंधाच्या पानात बसावीत म्हणून ती टंकलेखकाने बाजूने ओढली होती. काचेचे गोल पात्र लंबगोल झाले होते आणि त्यातील बिंदूही. पात्राची कड चित्रात होती म्हणून चूक सापडली. ती कापलेली असती तर कफाचा मोती वाताच्या दिशेने बराच पुढे गेला असता! चित्राची परीक्षा आकारावर असेल तेव्हा ‘एएसपी = १’ हा नियम निरपवाद समजावा.

पंचेचाळीस अंशांचा नियम आणि त्याच्या मर्यादा

आता अधिक अवघड भाग. अक्षांवरील परिमाणे भिन्न असतील, जसे काळ आणि शर्करा, किंवा काळ आणि वजन, तर चौकटीचे योग्य गुणोत्तर कोणते?

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे विल्यम क्लीव्हलँड यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर विचार केला. १९८८ मध्ये त्यांनी मॅरिलिन मॅकगिल व रॉबर्ट मॅकगिल यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे सूत्र असे की, आलेखातील रेषाखंडांचे उतार एकमेकांशी ताडून पाहावयाचे असतील तर ते उतार सरासरीने ४५ अंशांच्या आसपास यावेत असा चौकटीचा आकार निवडावा. सगळ्या रेषा फार उभ्या किंवा फार आडव्या झाल्या की डोळ्यास त्यांच्यातील भेद कळत नाही.

त्यांचे प्रसिद्ध उदाहरण सूर्यावरील डागांचे आहे. डागांची वार्षिक संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. नेहमीच्या चौरसप्राय चौकटीत शेकडो वर्षांचा आलेख काढला की करवतीचे दात दिसतात. तीच माहिती फार पसरट, पट्टीसारख्या चौकटीत मांडली की डोळ्यांसमोर नवेच सत्य येते: डाग वाढतात झपाट्याने आणि घटतात सावकाश. आकडे आधीही तेच होते. ही माहिती ‘आर’बरोबरच मिळते, तेव्हा वाचकांनी स्वतः करून पाहावे. ‘लॅटिस’ हे पॅकेज उघडावे आणि ‘एक्सवायप्लॉट’ या आज्ञेत ‘अॅस्पेक्ट’ची किंमत ‘एक्सवाय’ ठेवावी. ४५ अंशांचा हिशोब संगणक करतो. तेथेच ‘आयसो’ लिहिल्यास एकके समान होतात, आणि काहीच न लिहिल्यास ‘फिल’ मानले जाते, म्हणजे मिळेल तितकी जागा भरावी! माझ्या पडद्यावर झाले ते हेच, फक्त निराळ्या आज्ञेने. हे ‘लॅटिस’ दीपायन सरकार यांनी लिहिले आहे. ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अध्यापन करतात.

ज्वराच्या रुग्णाचा तापमानाचा तक्ता ज्यांनी रुग्णालयात ठेवला आहे, त्यांस सूर्याच्या डागांची गोष्ट लगेच पटेल. ताप चढतो कसा आणि उतरतो कसा, संतत आहे की सततक, हे त्या चढ-उतारांच्या भेदावरूनच समजते. तो तक्ता उभट केला की प्रत्येक ज्वर विषम वाटू लागतो.

परंतु या नियमाचा गैरउपयोगही होऊ शकतो, आणि तो मी स्वतःच करू पाहिला. गुरुजींच्या प्रश्नानंतर मला वाटले की आता ४५ अंशांचा शास्त्रीय आधार सापडला; आलेख त्या मापाने काढला की कोणास बोलता येणार नाही. वर दिलेल्या उदाहरणात रेषा जवळजवळ एकच आणि सरळ आहे. ती ४५ अंशांवर आणावयाची तर चौकटीची उंची रुंदीच्या सुमारे १.६७ पट करावी लागते, म्हणजे पुन्हा उभट कागद. शर्करा ३० ऐवजी ३ मिलिग्रॅमने उतरली असती तरी या नियमाने ती रेषा ४५ अंशांवरच आली असती. भाच्याने समजावले की हा नियम अनेक उतारांतील भेद दिसावा यासाठी आहे. एकच उतार किती मोठा आहे हे त्याने ठरत नाही. शिवाय २०१२ मध्ये टॅलबट, गर्थ व हॅनराहन यांनी नव्याने प्रयोग करून, ४५ अंश हे माप सर्व परिस्थितींत सर्वोत्तम ठरत नाही असे दाखविले आहे. नियम उपयोगी आहे, पण त्यास सूत्रस्थानातील वचनाचा मान देऊ नये.

मग एकट्या उताराचे काय करावे? माझ्या मते तेथे ईसीजीचाच मार्ग धरावा. माप आधी ठरवावे, आकडे पाहण्यापूर्वी ठरवावे आणि ते सर्व रुग्णांस व सर्व औषधांस सारखे ठेवावे. मी आता रक्तशर्करेसाठी १० मिलिग्रॅमास अर्धा सेंटिमीटर आणि एका महिन्यास एक सेंटिमीटर असे माप घेतो. हे माप मी निवडलेले आहे, त्यास कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही. पण ते प्रत्येक आलेखाखाली लिहिलेले असते, आणि गेल्या वर्षीचा आलेख या वर्षीच्या आलेखावर ठेवून उजेडात धरता येतो. या मापाने उदाहरणातील ३० मिलिग्रॅमची घट ६ सेंटिमीटरमध्ये दीड सेंटिमीटर उतरते, कोन १४ अंश. शब्दांत सांगावयाचे तर बेताची घट. आणि ती तशीच दिसते.

छपाईपर्यंतचा प्रवास

बरेच जण आता ‘जीजीप्लॉट२’ हे हॅडली विकहॅम यांचे पॅकेज वापरतात. त्यात ‘कोऑर्ड_फिक्स्ड’ या आज्ञेने एककांचे गुणोत्तर बांधता येते आणि ‘थीम’मध्ये ‘अॅस्पेक्ट.रेशो’ लिहून चौकटीचे. दोन्हींत उंची भागिले रुंदी असा क्रम आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यास आपण १६:९ म्हणतो तेव्हा रुंदी आधी सांगतो; येथे उलट आहे, म्हणून तेच प्रमाण ९ भागिले १६ असे लिहावे. ‘कोऑर्ड_फिक्स्ड’ अक्ष लांबवीत नाही, भोवती कोरी जागा सोडते. ती कोरी जागा पाहून घाबरू नये.

खरा दगा होतो तो जतन करताना. ‘जीजीसेव्ह’ या आज्ञेस ‘विड्थ’ व ‘हाइट’ सांगितले नाही, तर त्या क्षणी खिडकी ज्या आकाराची असेल तोच आकार ती घेते. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी त्याच आज्ञेने दोन निराळे आलेख निघू शकतात. तेव्हा रुंदी, उंची आणि सेंटिमीटर हे एकक प्रत्येक वेळी लिहून द्यावे. पायथॉन भाषा वापरणाऱ्यांस ‘मॅटप्लॉटलिब’मध्ये ‘सेट_अॅस्पेक्ट’ ही आज्ञा मिळेल; तत्त्व तेच.

यानंतरचा टप्पा मुद्रणालयाचा. पान लावणारा गृहस्थ चित्राची बाजू धरून ते स्तंभाच्या रुंदीस ओढतो, आणि ‘आर’मध्ये केलेली सगळी काळजी एका क्षणात वाया जाते. यावर मला सुचलेला उपाय घरगुती आहे: आलेखाच्या कोपऱ्यात मी एक लहानसे वर्तुळ ठेवतो. मुद्रिते तपासताना ते अंडाकृती दिसले की चित्र ओढले गेले, असे समजावे. ईसीजीवरील आयताकृती खुणेवरून ही कल्पना आली, हे सांगावयास नकोच.

त्या माहितीपत्रकाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. नव्या मापाने काढलेला आलेख मी फार्मसीच्या मालकांकडे पाठविला, सोबत आकड्यांचा तक्ता जोडला आणि पहिला आलेख वापरू नये असे कळविले. दोन दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. “डॉक्टरसाहेब, आकडे तेच आहेत ना? त्यात तर काही फरक नाही ना?” मी म्हणालो, फरक नाही. “मग पहिल्यात खोटे काय होते?” ते मनापासून विचारीत होते, त्यात कावा नव्हता. चौकटीचा सगळा हिशोब मी त्यांना दूरध्वनीवरच सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “नवा आलेख छापला तर वैद्य विचारतील, यात विशेष काय? आणि जुना तुम्ही छापू देत नाही.” अखेर माहितीपत्रक आलेखाविना निघाले. आत फक्त तक्ता होता, लहान टंकात, शेवटच्या पानावर.

त्याची एक प्रत मी गुरुजींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा चढविला, तक्त्याच्या ओळींवरून सावकाश बोट फिरविले आणि विचारले, “यातल्या किती जणांच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या चालू होत्या?” तो रकाना माझ्या नोंदवहीत होता, तक्त्यात नव्हता.